बंदीतलं गाणं

ते गाणं मराठी नव्हतं. लिहिणारा बंगालमधला एक डेप्युटी मॅजिस्ट्रेट. भाषा अर्धी संस्कृत, अर्धी बंगाली. गाणारी मुलं मात्र मराठवाड्याच्या गावांतून आलेली, घरी मराठी बोलणारी आणि कॉलेजात उर्दूतून शिकणारी. नोव्हेंबर १९३८ मध्ये औरंगाबादच्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या, इंटरमिजिएट कॉलेजच्या वसतिगृहात ही मुलं प्रार्थनेच्या वेळी ‘वंदे मातरम्’ म्हणत. कॉलेजच्या अधिकाऱ्यांनी मनाई केली. मुलांनी गाणं सोडलं नाही. पुढच्या काही आठवड्यांत या गोष्टीने हैदराबाद संस्थानातल्या विद्यार्थ्यांचं पहिलं मोठं आंदोलन उभं केलं, शेकडो मुलांची नावं हजेरीपटावरून उडाली, आणि त्यांतल्या कित्येकांचं उरलेलं आयुष्य ठरून गेलं.

मराठवाडा मुक्तिसंग्रामाच्या इतिहासात या आंदोलनाला एखाद-दुसरं पान मिळतं. सप्टेंबर १९४८ ची भारत सरकारची पोलीस कारवाई, निजामाच्या बाजूने लढणाऱ्या रझाकारांचे अत्याचार, सरहद्दीवरचे कॅम्प ही पुढची प्रकरणं इतकी मोठी आहेत की वसतिगृहातल्या गाण्याकडे ओझरतंच लक्ष जातं. मला ते अन्यायाचं वाटतं. त्या मुलांच्या हातात काही नव्हतं. दगड नव्हता, झेंडाही असेलच असं नाही. होता तो आवाज, आणि तो बंद करायला ती तयार नव्हती. निःशस्त्र प्रतिकार म्हणजे काय, हे मराठवाड्यातल्या सोळा-अठरा वर्षांच्या मुलांच्या एका अख्ख्या पिढीला समजलं ते इथे.

त्यांचा काळ आधी डोळ्यांसमोर आणला पाहिजे. हैदराबाद हे लोकसंख्येने हिंदुस्थानातलं सर्वांत मोठं संस्थान. सातवा निजाम मीर उस्मान अली खान गादीवर होता, सर अकबर हैदरी त्याचे पंतप्रधान होते. औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड आणि उस्मानाबाद हे पाच जिल्हे मराठी. संस्थानात निम्म्याच्या आसपास माणसं तेलुगू बोलत, साधारण चौथा हिस्सा मराठी बोलत, कानडी आणि उर्दू बोलणारे शंभरात प्रत्येकी दहा-बारा. पण कचेरी, कोर्ट, पोलीस ठाणं आणि वरचं शिक्षण या सगळ्यांची भाषा एकच, उर्दू.

१९१८ मध्ये उस्मानिया विद्यापीठ स्थापन झालं, तेव्हा ते साऱ्या देशात कौतुकाचा विषय झालं होतं. इंग्रजी बाजूला सारून एका देशी भाषेतून विज्ञान, वैद्यक, कायदा शिकवणारं ते पहिलं विद्यापीठ. त्यासाठी खास अनुवाद विभाग काढला गेला आणि जगभरची पुस्तकं उर्दूत आणली गेली. हे काम मोठं होतं आणि ते मोठंच म्हटलं पाहिजे. औरंगाबादचं इंटर कॉलेज १९२३ चं. त्याच विद्यापीठाशी जोडलेलं. आजचं शासकीय कला व विज्ञान महाविद्यालय ते हेच. उर्दूचे थोर अभ्यासक मौलवी अब्दुल हक यांनी इथे प्राचार्य म्हणून काम केलं होतं, आणि त्यांच्या अंजुमन तरक्की-ए-उर्दूचं ठाणं कितीतरी वर्षं याच गावात होतं. वली आणि सिराज या उर्दू कवींच्या या गावात उर्दू परकी नव्हती, पाहुणीही नव्हती.

मराठी मुलाची अडचण वेगळीच होती. त्याच्या आईची भाषा विद्यापीठाच्या दारातून आत येत नसे. इंग्रजीच्या जागी देशी भाषा आली, पण ती त्याच्या ओव्यांची, अभंगांची, बाजाराची भाषा नव्हती. शेरवानी घालून वर्गात बसायचं, भूमिती आणि इतिहास उर्दूत लिहायचा, आणि शाळेपासून निजामाच्या राज्याच्या चिरस्थायित्वाची प्रार्थना म्हणायची. गाणं म्हणण्याची शिस्त या मुलांना राज्यानेच लावली होती, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. राज्याची स्तुती रोज सामूहिक आवाजात गाणाऱ्या मुलाला सामूहिक आवाजाची ताकद ठाऊक असते. म्हणूनच देशाचं गाणं त्याच्या तोंडी आलं तेव्हा ते नुसती प्रार्थना उरलं नाही.

यावर उपाय म्हणून खाजगी मराठी शाळा निघाल्या होत्या. उस्मानाबाद जिल्ह्यात हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा, अंबाजोगाईचं योगेश्वरी विद्यालय, औरंगाबादचं सरस्वती भुवन. या शाळा चालवणं म्हणजे सरकारी संशयाच्या नजरेखाली दिवस काढणं. हिप्परग्याच्या शाळेत आणि मग अंबाजोगाईला मुलांना शिकवणारे व्यंकटेश खेडगीकर १९३२ मध्ये संन्यास घेऊन स्वामी रामानंद तीर्थ झाले. मुक्तिसंग्रामाचा हा सर्वांत मोठा नेता आधी मास्तर होता. आणि मास्तराने पेरलेलं उगवायला किती वर्षं लागतात याचा हिशेब लावला, तर १९३८ हे साल बरोबर येतं.

राजकीय सभा भरवायला तर वाटच नव्हती. ‘गश्ती निशान ५३’ या परिपत्रकाने सभेला आधी परवानगी घेणं सक्तीचं केलेलं. त्यामुळे सभांना साहित्य, शिक्षण, सुधारणा अशी नावं द्यावी लागत. १९३७ मध्ये परतूरला महाराष्ट्र परिषदेचं पहिलं अधिवेशन झालं, पुढच्या वर्षी लातूरला दुसरं. मागण्या साध्या होत्या, जबाबदार राज्यपद्धती आणि नागरी हक्क. १९३८ च्या उन्हाळ्यापासून हैदराबाद स्टेट काँग्रेस उभी करायची तयारी चालू होती. ती रीतसर स्थापन व्हायच्या आधीच, ७ सप्टेंबर १९३८ रोजी, सरकारने तिच्यावर बंदी घातली. जन्माला न आलेल्या संस्थेवर बंदी! सरकारच्या भीतीचं याहून नेमकं माप दुसरं मिळणार नाही.

२४ ऑक्टोबरला सत्याग्रह सुरू झाला. पहिल्या तुकडीत गोविंदराव नानल होते, रामकिशन धूत होते, तेलंगणाचे रवी नारायण रेड्डी होते. २७ तारखेला स्वामीजींनी सत्याग्रह केला आणि ते तुरुंगात गेले. तुकड्या निघत, घोषणा देत आणि अटक करून घेत. एवढाच कार्यक्रम. मुलांनी हे पाहिलं. दिवाळीच्या आगेमागे मराठवाड्याच्या गावोगाव हीच बोलणी होती, आणि सुटी संपवून बोर्डिंगला परतणाऱ्या मुलाच्या ट्रंकेबरोबर ती बातमीही कॉलेजात येत होती.

आणि मग वसतिगृहातली प्रार्थना.

मनाईमागचा सरकारी पक्ष असा होता की हे गाणं राजकीय आहे आणि मुसलमान विद्यार्थ्यांच्या भावना दुखावणारं आहे. मुलांचं म्हणणं असं की आम्ही आमच्या खोल्यांत, आमच्या प्रार्थनेच्या वेळी ते म्हणतो. कोणावर लादत नाही. मनाई मोडली गेली तशी कारवाई झाली, कारवाई झाली तसा संप झाला. औरंगाबादचं लोण महिनाअखेरीस हैदराबादेत उस्मानियाच्या वसतिगृहांत पोचलं आणि तिथून संस्थानातल्या इतर शाळा-कॉलेजांत. विद्यापीठाने संपकऱ्यांना काढून टाकलं. परत यायचं तर गाणं म्हणणार नाही असं कबूल करायचं. अनेक मुलांनी ते कबूल केलं नाही.

एका गाण्यासाठी शिक्षण सोडायचं का, हा प्रश्न तेव्हाच्या घरांत किती कडवट झाला असेल याची कल्पना करता येते. शेतीवर जगणाऱ्या घरातला पहिला मुलगा इंटरपर्यंत पोचलेला. तो पास झाला तर तहसिलात कारकुनी, फार तर वकिली. त्याच्या फीसाठी काय काय विकलं गेलं हे घरातल्या प्रत्येकाला माहीत. आणि तो सांगतो, एक गाणं म्हणू देत नाहीत म्हणून मी कॉलेज सोडतो आहे. या मुलांना शूर म्हणताना त्यांच्या घरच्यांना विसरता येत नाही. दंड दोघांनीही भरला.

आता गाण्याकडे वळू. बंकिमचंद्र चट्टोपाध्यायांनी ते १८७० च्या दशकात लिहिलं आणि १८८२ च्या ‘आनंदमठ’ या कादंबरीत गुंफलं. कादंबरी आहे हत्यारबंद संन्याशांची. लढाया आहेत, जाळपोळ आहे, तलवारी आहेत. कथानकात मुसलमान सत्तेविरुद्धचा त्वेष आहे. गाण्याच्या पुढच्या कडव्यांत देवीचं रूप येतं, कोट्यवधी हातांतली शस्त्रं येतात. पण पहिली दोन कडवी काढून पाहिली, तर त्यांत शत्रू नाही आणि शस्त्र नाही. आहे ते पाणी, फळं, वारा, पिकांचा हिरवा रंग, चांदणं आणि फुललेली झाडं. १८९६ च्या कलकत्ता काँग्रेसमध्ये रवींद्रनाथांनी ते गायलं. १९०५ मध्ये बंगालच्या फाळणीविरुद्ध ते रस्त्यावर आलं. पोलिसांच्या लाठ्यांसमोर म्हणायचे दोन शब्द, असं त्याचं रूप तेव्हा झालं, आणि त्याच रूपात ते टिळकांच्या महाराष्ट्रात रुजलं.

ऑक्टोबर १९३७ मध्ये, म्हणजे औरंगाबादच्या घटनेच्या वर्षभरच आधी, काँग्रेस कार्यकारिणीने या गाण्यावर नीट विचार केला होता. मुसलमानांचे आक्षेप खरे आहेत असं मानून पहिली दोनच कडवी राष्ट्रीय सभांतून गावीत, आणि त्या जागी दुसरं निर्दोष गीत गायची मोकळीकही असावी, असा ठराव झाला. रवींद्रनाथांचंही मत असंच होतं. काहींना ही माघार वाटली. मला त्यात समंजसपणा दिसतो. सगळ्यांनी मिळून गायचं गाणं हे सगळ्यांच्या गळ्यातून निघेल एवढंच ठेवावं, हा त्यातला विचार.

मला थांबून पाहावंसं वाटतं ते एका गोष्टीपाशी. ज्या कादंबरीत संन्यासी तलवार उपसतात तिच्यातलं गाणं औरंगाबादेत म्हटलं गेलं ते हात न उचलता. गाण्याचा मजकूर बदलला नव्हता. गाणाऱ्यांची वागणूक बदलली होती. मुलं गायली, त्यांना थांबवलं, ती पुन्हा गायली, त्यांना काढलं, ती निघून गेली. शस्त्रांच्या गोष्टीतलं गाणं त्यांनी शस्त्रावाचून म्हणून दाखवलं, आणि त्या वागण्यातून त्याला जो अर्थ आला तो बंकिमचंद्रांच्या कागदावर नव्हता.

दुसरी गोष्ट पाण्याची. पाण्याने भरलेल्या, पिकांनी हिरव्यागार भूमीचं वर्णन बंगालच्या खोऱ्यातल्या माणसाने केलेलं. ते म्हणत होती मराठवाड्याची मुलं, जिथे पाऊस दगा देतो, आडाचं पाणी उन्हाळ्यात तळाला जातं आणि कळशीभर पाण्यासाठी बायाबापड्या मैलभर चालतात. त्यांच्या डोळ्यांपुढे गाण्यातली भूमी असणं शक्य नव्हतं. मग ती काय गात होती? माझी समजूत अशी की ती मुलं आपल्या भूमीचं वर्णन करत नव्हती, तिच्यासाठी मागणं मागत होती. पसायदान म्हणत मोठ्या झालेल्या मुलाला मागण्याचं गाणं कसं म्हणायचं ते वेगळं शिकवावं लागत नाही.

तिसरी गोष्ट बरोबर शिकणाऱ्या मुसलमान मुलांची. ती लिहिल्याशिवाय हा इतिहास पुरा होत नाही. त्याच वसतिगृहांत, त्याच वर्गांत ती होती. राज्य हे गाणं त्यांचं नाव पुढे करून बंद करत होतं, आणि त्यांच्यातल्या अनेकांना ते खरंच खुपत असेल. ‘आनंदमठ’ वाचलेल्याला का खुपू नये? पण त्याच पिढीत उस्मानियातून मख्दूम मोहिउद्दीन पुढे आले. उर्दूतले मोठे कवी, आणि निजामाच्या सरंजामशाहीविरुद्ध लढणारे कम्युनिस्ट नेते. १९३९ मध्ये कॉम्रेड्स असोसिएशन स्थापन झाली तेव्हा तिच्यात मख्दूमही होते आणि राज बहादुर गौडही. संस्थानातला झगडा सत्तेशी होता, शेजाऱ्याशी नव्हता, हे सिद्ध करणारी माणसं दोन्हीकडे होती. सरकारला मात्र तो शेजाऱ्याशीच असल्याचं दाखवण्यात सोय होती.

महात्मा गांधींनी जुलै १९३९ मध्ये ‘हरिजन’मध्ये या गाण्यावर लिहिलं. लहानपणापासून त्या गाण्याने आपल्याला भारून टाकलं होतं, ते हिंदूंचंच गाणं आहे असं कधी मनात आलं नव्हतं, हे त्यांनी कबूल केलं; आणि तरीही संमिश्र सभेत ते म्हणण्यावरून एकही भांडण होऊ द्यायला आपण तयार नाही, असंही सांगितलं. काही महिन्यांपूर्वी औरंगाबादेत ज्यांनी या गाण्यासाठी कॉलेज सोडलं, त्यांच्यापैकी कोणी हा लेख वाचला असेल का? वाचला असेल तर खंतावला असेल की सुखावला असेल? मला वाटतं दोन्ही गोष्टी एकाच धाग्याच्या आहेत. बंदी घातलेलं गाणं म्हणणं हा सत्याग्रह. तेच गाणं दुसऱ्याच्या तोंडून जबरदस्तीने वदवणं ही बंदीच, फक्त उलट दिशेने. औरंगाबादच्या मुलांनी कोणाला ‘म्हण’ म्हटलं नव्हतं. आम्हाला म्हणू द्या, एवढंच त्यांचं मागणं होतं, आणि त्यांच्या आंदोलनाची सारी नीतिमत्ता या एवढ्या फरकात आहे.

संस्थानातल्या तुरुंगांतही हे शब्द पोचले होते. आर्य समाजाच्या सत्याग्रहात पकडलेले तेलंगणाचे रामचंद्र राव फटक्यांची शिक्षा भोगताना प्रत्येक फटक्याला ‘वंदे मातरम्’ म्हणत राहिले आणि पुढे आयुष्यभर वंदेमातरम् रामचंद्र राव याच नावाने ओळखले गेले. गाण्याचे दोन शब्द माणसाचं नाव होऊन बसले.

काढलेल्या मुलांनी जायचं कुठे? संस्थानात दुसरं विद्यापीठ नव्हतं. वऱ्हाड आणि मध्य प्रांतात तेव्हा काँग्रेसचं मंत्रिमंडळ होतं आणि नागपूर विद्यापीठाचे कुलगुरू होते टी. जे. केदार. नागपूरने दार उघडलं. उस्मानियाने काढलेल्या मुलांना तिथे प्रवेश मिळाला. काही जबलपूरला, काही आणखी दुसरीकडे गेली. औरंगाबादहून निघायचं म्हणजे मनमाडपर्यंत निजामाच्या मीटर गेजची छोटी गाडी, तिथे उतरून मोठ्या गाडीत बसायचं, भुसावळ, अकोला करत नागपूर. मनमाडला गाडी बदलली की निजामाचं राज्य मागे पडलेलं असे. पुढे इंग्रजांचं राज्य होतं, आणि हे गाणं तिथे उघड म्हणता येत होतं. परक्याच्या राज्यात गाता येतं आणि घरी गाता येत नाही, ही गोष्ट संस्थानी प्रजेच्या मनाला कशी लागली असेल, हे त्या प्रवासाचा विचार केल्याशिवाय समजत नाही.

नागपूरला गेलेल्यांत करीमनगर भागातला एक सतरा वर्षांचा मुलगा होता. अनेक भाषा झपाट्याने शिकणारा, मराठीही पक्की बोलणारा. पामुलपर्ती वेंकट नरसिंह राव. पुढे पंतप्रधान झालेल्या या माणसाच्या चरित्रात ‘उस्मानियातून हकालपट्टी’ ही नोंद सुरुवातीलाच येते. जबलपूरला गेलेल्यांत देवुलपल्ली वेंकटेश्वर राव होते, ते तेलंगणाच्या सशस्त्र शेतकरी लढ्याचे नेते झाले. एकाच गाण्यासाठी बाहेर पडलेली मुलं अशी निरनिराळ्या वाटांनी गेली. कोणी स्टेट काँग्रेसमध्ये, कोणी कम्युनिस्ट पक्षात, कोणी शाळामास्तर झाले. सगळे जन्मभर अहिंसक राहिले असं म्हणणं खोटं ठरेल. १९४७-४८ मध्ये मराठवाड्याच्या सीमेवर कॅम्प उभे राहिले आणि रझाकारांशी बंदुकीनेही सामना झाला. पण सुरुवात आवाजाची होती, आणि १९४७ च्या उन्हाळ्यानंतरही, ७ ऑगस्टला भारतीय संघराज्यात सामील होण्याच्या मागणीचा दिवस पाळला गेला तेव्हा, हजारो माणसं पुन्हा गाणी म्हणत, तिरंगा घेऊन, अटक करून घ्यायला निघाली. सरकारी शिंदीची झाडं तोडून केलेला जंगल सत्याग्रहही त्याच काळातला. कुऱ्हाड झाडावर चालली, माणसावर नाही.

सत्याग्रहाचा पहिला टप्पा मात्र फार टिकला नाही. २४ डिसेंबर १९३८ रोजी स्टेट काँग्रेसने तो थांबवला. आर्य समाज आणि हिंदु महासभेचे सत्याग्रह त्याच वेळी चालू होते, सगळ्यांची सरमिसळ होऊन नागरी हक्कांची मागणी धार्मिक भांडणात बुडेल अशी भीती होती, आणि गांधीजींचाही सल्ला तसाच होता. स्वामीजी तुरुंगातच होते. मुलांना हा निर्णय पचायला जड गेला असणार. पण त्यांच्यापुरता प्रश्न आधीच सुटला होता. त्यांचं कॉलेज सुटलं होतं.

१७ सप्टेंबर १९४८ ला निजामाने शरणागती पत्करली. २४ जानेवारी १९५० ला राजेंद्रप्रसादांनी संविधान सभेत जाहीर केलं की ‘वंदे मातरम्’ला ‘जन गण मन’इतकाच मान राहील. ज्या गाण्यासाठी वसतिगृह सोडावं लागलं ते आता शाळेच्या फळ्यावर लिहून पाठ करून घ्यायचं झालं.

गावाचा इतिहास इथे थांबत नाही.

१९५० मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादेत कॉलेज काढलं. मिलिंद महाविद्यालय ते हेच. ज्या मराठवाड्यात इंटरपर्यंत पोचणं ही सवर्ण घरांतसुद्धा अपूर्वाई होती, तिथे महारवाड्यातली मुलं नागसेनवनात पदवीचं शिक्षण घेऊ लागली. १९५८ मध्ये मराठवाडा विद्यापीठ सुरू झालं. आता मराठी मुलाला उर्दूतून भूमिती लिहायची नव्हती की नागपूरची गाडी पकडायची नव्हती. १९३८ च्या मुलांनी जे मागितलं त्यातलं पुष्कळ त्या विद्यापीठाच्या रूपाने मिळालं होतं.

२७ जुलै १९७८ ला विधिमंडळाने या विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव केला आणि मराठवाडा पेटला. दलित वस्त्या जाळल्या गेल्या. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीत पोचिराम कांबळे मारले गेले. आणि नामांतराच्या विरोधात मुक्तिसंग्रामाचे मोठे सेनानी उभे राहिले, गोविंदभाई श्रॉफ आणि ‘मराठवाडा’ दैनिकाचे संपादक अनंत भालेराव हेही. त्यांनी जाळपोळीचं समर्थन केलं नाही. मराठवाड्याची अस्मिता, प्रदेशाच्या नावाचा अभिमान, विकासाचे प्रश्न अशी त्यांची कारणं होती. निजामापुढे न झुकलेली ही माणसं. त्यांच्याबद्दल आदर ठेवूनच मी म्हणतो की इथे त्यांचा कान चुकला. चाळीस वर्षांपूर्वी त्यांच्या सोबत्यांनी जे मागितलं होतं, आमच्या नावाने, आमच्या आवाजात, आमच्याच गावात आम्हाला उभं राहू द्या, तेच मागणं आता दुसरी माणसं करत होती.

आणि ती माणसंही गात होती. नोव्हेंबर १९७९ मध्ये प्रा. जोगेंद्र कवाडे यांच्या नेतृत्वाखाली नागपूरच्या दीक्षाभूमीवरून औरंगाबादकडे लाँग मार्च निघाला. हजारो बाया-पुरुष पायी चालत होते, वाटेत पकडले जात होते, आणि पुन्हा दुसरे निघत होते. ६ डिसेंबरला औरंगाबादेत सत्याग्रह ठरला होता. त्यालाही अटकांनीच उत्तर मिळालं. गावोगावच्या गायन पार्ट्या, ढोलकी, कोरस आणि लोककवी वामनदादा कर्डकांनी घडवलेल्या परंपरेतली गाणी ही या लढ्याची शिदोरी होती. ज्यांच्या वर्तमानपत्रांना फारसा खप नाही त्यांची बातमी गाण्यातून पोचते. पोचिरामांचं मरण वाडीवस्तीवर गाण्यातूनच गेलं.

या गाण्यांचा आणि १९३८ च्या गाण्याचा पोत पूर्ण वेगळा. ते गाणं संथ, संस्कृत शब्दांनी जड, उभं राहून म्हणायचं. ही गाणी बोलीतली, चालत्या पायांच्या तालाची, नाव घेऊन बोलणारी. तिथे भूमी देवतेसारखी. इथे जाळलेलं घर, पत्त्यासकट. दोन्हींत एक गोष्ट मात्र मला सारखी दिसते. गाणारा आपलं अंग पुढे करतो आणि समोरच्याच्या अंगाला हात लावत नाही. औरंगाबाद-नागपूर ही वाट १९३८ मध्ये ज्यांनी तुडवली त्यांना शिकायला जायचं होतं, आणि १९७९ मध्ये जे उलट दिशेने निघाले त्यांना शिकण्याच्या जागेला नाव द्यायचं होतं.

विधिमंडळाच्या ठरावापासून ते नाव मिळायला जवळपास सोळा वर्षं लागली. १४ जानेवारी १९९४ ला शरद पवार मुख्यमंत्री असताना ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ’ असा नामविस्तार झाला. बाबासाहेब आले आणि मराठवाडाही राहिला. त्या दिवशी दिल्लीत पंतप्रधानपदी होते पी. व्ही. नरसिंह राव.

दर वर्षी १४ जानेवारीला, संक्रांतीच्या सुमारास, विद्यापीठाच्या कमानीपाशी पहाटेपासून माणसं जमू लागतात. नांदेड, परभणी, जालन्याहून आलेली, डब्यात भाकरी बांधून आणलेली. पुस्तकांचे स्टॉल लागतात, कमानीला हात जोडले जातात. संध्याकाळ झाली की एका मंचावरची गाणी दुसऱ्या मंचावरच्या गाण्यांत मिसळतात. नामांतर झालं तेव्हा जन्मलीही नव्हती अशी पोरं ढोलकीच्या तालावर शब्द न अडखळता म्हणतात. थंडी वाढत जाते, मफलरी घट्ट होतात, आणि कोरस चालूच राहतो.